हजेरीनानांच्या आवाजातला फोन

जर्मनीत सहा महिने राहून आलेला पोरगा लिहायला बसलाय म्हटल्यावर तुम्ही काय काय धरून बसला असाल ते मला माहितीये. आता बर्फ येणार. मग कुठल्यातरी पुलावर उभं राहून आईच्या हातचा वरणभात आठवणार. मग एक सोनेरी केसांची मुलगी येणार. तर तसलं काही नाहीये. बर्फ पडला तेव्हा मी ताप येऊन झोपलेलो. सोनेरी केसांची एक होती, पण ती कॅन्टीनमध्ये होती, साठीची होती आणि मला उकडलेले बटाटे दोन जास्त वाढायची, एवढंच आमचं प्रकरण. मी लिहिणार आहे ते विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमधल्या, तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्याबद्दल. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. वाचायचं तर वाचा.

हजेरीनाना कुणालाही 'या', 'बसा', 'काय म्हणताय' असलं काही म्हणायचे नाहीत. ते वेळ सांगायचे. तुम्ही गेटमधून आत शिरलात की उजवीकडच्या ग्रिल लावलेल्या गॅलरीतून आवाज यायचा. आधी घसा साफ केल्याचा, "अंहं", मग एक छोटा पॉझ, आणि मग "सात बावन्न." झालं तुमचं स्वागत. नवीन माणूस बिचकायचा. माझी आत्या पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा ती नानांना "सॉरी हां, गाडी लेट होती" म्हणालेली.

नाना मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगार आत शिरताना आपलं कार्ड मशीनमध्ये घालायचा, मशीन खट्ट करून त्याच्यावर वेळ छापायचं. त्याला पंच करणं म्हणायचे. त्या सगळ्या कार्डांचे नाना राखणदार. कोण आला, कधी आला, कोण लवकर सटकला, सगळं त्यांच्या डोक्यात. कारखाना बंद पडला, मशीन भंगारात गेलं, पण नानांच्या डोक्यातलं चालूच राहिलं.

माझे बाबा त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये होते. कारखाना बंद झाला तेव्हा मी तिसरीत होतो. घर चालेना, म्हणून आई मला घेऊन मुरबाडला मामाकडे जाऊन राहिली आणि मी दहावीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकलो. त्या शाळेने मला दोन गोष्टी दिल्या. एक, पाढे. दुसरी, नकला. मी सहा सरांचे आवाज काढायचो. त्यातल्या चार सरांनी मला बडवलेलं, उरलेले दोघं स्टाफरूममध्ये बोलावून बाकीच्या चौघांचे आवाज काढायला लावायचे.

नंतर बाबांना बदलापूरला नोकरी मिळाली, आम्ही परत कल्याणला आलो, मी मेकॅनिकल केलं आणि कॉलेजच्या ओळखीतून जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. मी गेलो त्या दिवशी आमच्या सोसायटीने गेटवर फ्लेक्स लावला. माझा गॉगलवाला फोटो, मागे विमान, आणि खाली 'जर्मनी येथे उच्चपदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. उच्चपद कसलं? मी तिथे स्पेअर पार्टच्या ड्रॉवरना लेबलं लावत होतो. सहा महिन्यांनी मी परत आलो, तरी फ्लेक्स तिथेच. त्याची एक दोरी सुटलेली, त्यामुळे वाऱ्यावर माझं तोंड मध्येच दुमडायचं. नोकरी नसलेला मी रोज त्या उच्चपदावरच्या माझ्याखालून दूध आणायला जायचो.

परत आल्यावर पहिला महिनाभर मी बिघडलेलो होतो. झेब्रा क्रॉसिंगवर उभा राहून गाड्या थांबायची वाट बघायचो. एकदा तर एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "काय भाऊ, बरं नाय वाटत का?" घरात कचऱ्याच्या चार पिशव्या केल्या, कागद वेगळा, काच वेगळी. आईने आठवडाभर सहन केलं आणि मग चारही पिशव्या एकाच डब्यात उलट्या केल्या. "घंटागाडीत सगळं एकच होतं रे राजा," म्हणाली. संध्याकाळी सहाला मला जेवायची भूक लागायची. आई म्हणायची, "या वेळेला आपल्याकडे फक्त देवासमोर दिवा लागतो."

नोकरीचं बोलाल तर प्रत्येक इंटरव्ह्यूत एकच प्रश्न. "जर्मनीतून परत का आलात?" इंटर्नशिप संपली, व्हिसा संपला, म्हणून आलो. पण समोरचा अशा नजरेने बघायचा, जणू मी तिथे काहीतरी फोडून पळालोय. दुसरा प्रश्न, "जर्मन येतं का?" मला बारा वाक्यं येत होती. त्यातली सात कॅन्टीनची.

अशाच एका दिवशी मी हाफ पँट घालून, हातात मोबाईल घेऊन गेटपाशी उगाच उभा होतो. गॅलरीतून आवाज आला.

"अंहं. अकरा चाळीस."

"हो नाना."

"या वेळेला इथून फक्त मांजर जातं. तू कुठे चाललास?"

"कुठे नाही."

"ते मांजरालाही माहीत असतं कुठे जायचं. उद्या आठला ये. बूट घालून."

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. वर येऊन बाबांना सांगितलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. "मस्टरवर बोलावलंय तुला," ते म्हणाले. "जा. मी पण सही केलीये त्याच्यावर."

मग मला कळलं ते असं. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा माणसं सवयीने पहाटे उठायची, दाढी करायची, आणि मग कळायचं की जायचं कुठे नाहीये. कोणी गेटपर्यंत जाऊन परत यायचा, कोणी दिवसभर पडून राहायचा. नानांनी एक नवीन हजेरीबुक आणलं आणि सगळ्यांना निरोप दिला की रोज आठला माझ्या गॅलरीत हजर व्हायचं. बुटात, इस्त्रीच्या शर्टात. सही करायची, बसून दोन अर्ज लिहायचे, साडेबाराला सुट्टी. पहिल्या मस्टरवर एकतीस माणसं होती. गॅलरीत मावायची नाहीत म्हणून जिन्यावर बसायची. एकेक करून त्यांना कामं लागली, काही गावी गेली. तेव्हापासून बिल्डिंगमधलं जे कोणी बेकार असेल ते नानांच्या मस्टरवर. माझ्या वेळेला मी एकटाच होतो. एका माणसासाठी नाना रोज सकाळी टेबल पुसून, पेन ठेवून, पानावर तारीख टाकून बसायचे.

आठ दहानंतर आलात तर लाल पेन. मी पहिल्याच दिवशी आठ अकराला गेलो. म्हटलं, नाना, एक मिनिट तर झालंय. नाना म्हणाले, "एक मिनिट तुझं असतं तर मी सोडलं असतं. हे माझं आहे. मी इथे आठपासून बसलोय."

माझा बायोडाटा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला. इंटरनेटवरून उचललेलं भारी भारी इंग्लिश होतं त्यात. नानांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे? 'प्रोसेस ऑप्टिमायझेशन लीड केलं'?"

"म्हणजे नाना, तिथली सिस्टीम मी..."

"हातांनी काय केलंस?"

"हातांनी?"

"सकाळी जाऊन हात कशाला लावायचास?"

"ड्रॉवरना. लेबलं लावायचो."

"किती ड्रॉवर?"

"नऊशे."

"लेबल लावायच्या आधी एक पार्ट शोधायला किती वेळ लागायचा?"

मी विचार केला. "वीस मिनिटं. कधी सापडायचाच नाही."

"आणि नंतर?"

"दोन मिनिटं."

नानांनी चष्मा खाली घेतला. "मग हे का लिहिलं नाहीस, गाढवा? सहा महिन्यांत तू एका कारखान्याची दर पार्टमागे अठरा मिनिटं वाचवलीस, आणि लिहितोस काय, तर ऑप्टिमायझेशन."

पुढे कुठल्याही इंटरव्ह्यूत मी हेच सांगितलं. ड्रॉवर, लेबलं, अठरा मिनिटं. समोरचा माणूस पहिल्यांदाच मान वर करून बघायचा.

आता एवढा वेळ रोज एका माणसासमोर बसल्यावर त्याचा आवाज माझ्या घशात उतरणार नाही असं होईल का? पंधरा दिवसांत नाना मला जमले. घसा साफ करणं, तो पॉझ, आकडा म्हणताना शेवटचं अक्षर जरा दाबणं. एकदा मी जिन्यातून आवाज दिला, "अंहं. वहिनी, लिंबू आहे का एखादं?" आई धावत दोन लिंबं घेऊन खाली गेली आणि नानांच्या हातात देऊन आली. दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करताना नाना म्हणाले, "काल पावणेपाचला मी न मागता लिंबं आली. सरबत चांगलं झालं." आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, त्यांना कळलेलं नाही. म्हणजे मी किती हुशार, ते बघा.

चार महिने झाले. बाबांनी विचारायचं बंद केलं. आधी ते रोज जेवताना विचारायचे, "आज काय?" मग एक दिवस विचारलं नाही, आणि मग विचारलंच नाही. तुम्हाला सांगतो, विचारलेलं परवडतं. मग एका संध्याकाळी आईने भाजी वाढता वाढता सांगितलं की मामाशी बोलणं झालंय. मामाचं आता दिवा स्टेशनला टाइल्सचं दुकान आहे. येत्या सोमवारपासून मी तिथे बसायचं. "तात्पुरतं," आई म्हणाली. बाबा ताटात बघत होते. मामाचं दुकान वाईट नाही हो. पण मामाकडे दहावीपर्यंत राहिलेलो मी, आणि इंजिनिअर होऊन, जर्मनीला जाऊन, परत मामाकडेच. बाबांनी ते दिवस मागे टाकायला किती वर्षं घातलेली, ते मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू झालेला. एकदम मस्त झालेला. पण तिथल्या एचआरच्या साहेबांनी शेवटी नेहमीचं ते म्हटलं, "कळवतो." त्यांचं नाव पाटकर. घरी मी ते नाव घेतलं आणि बाबांचा घास थांबला.

"चष्मेवाला? डाव्या गालावर तीळ?"

"हो. ओळखता?"

"अरे, हा नानांच्या हाताखाली होता. टाइम ऑफिसात."

मग बाबांनी सांगितलं. कारखाना बंद पडायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. पाटकर तेव्हा पंचवीसचा, नानांचा एकदम लाडका. डबासुद्धा दोघं एकत्र खायचे. सदा नावाचा एक फिटर होता, त्याचे वडील गावी शेवटच्या घटका मोजत होते, रात्रभर प्रवास करून तो दोन तास उशिरा येणार होता. पाटकरने त्याचं कार्ड वेळेवर पंच करून टाकलं. नानांनी बघितलं. आणि वहीत लिहिलं. फिटर समज देऊन सुटला, पण पाटकर टाइम ऑफिसचाच माणूस, त्याची नोकरी गेली. महिन्यावर लग्न आलेलं, ते वर्षभर पुढे गेलं.

"खरं तर तो वाचला," बाबा म्हणाले. "आमच्या आधी बाहेर पडला, दुसरीकडे लागला, मोठा झाला. पण नाना त्याच्याशी परत बोलले नाहीत. एकदा कल्याण स्टेशनवर त्याने लांबून हात जोडले, तर नाना घड्याळाकडे बघून पुढे निघून गेले. मी होतो ना सोबत."

"मग तुम्ही नानांना सांगा ना, एक फोन करा म्हणून."

बाबा खरंच खाली गेले. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. बाबांनी कसंबसं विचारलं.

"मी कुणासाठी शब्द टाकत नाही," नाना म्हणाले. "तुमच्यासाठीही टाकला नव्हता. मुलगा चांगला आहे, त्याचा तो मिळवेल."

"तसं नाही नाना, सोमवारी तो..."

"आणि पाटकरला मी कुठल्या तोंडाने फोन करू?"

बाबा वर आले. मला म्हणाले, "झोप जा." सोमवारला पाच दिवस होते.

माणूस वेळेचा पक्का असला की त्याला फसवणं फार सोपं जातं. नाना रोज आठ पस्तीसला दूध आणायला जायचे आणि आठ पंचावन्नला परत. मी गॅलरीत अर्ज लिहीत बसलेला, आणि टेबलावर त्यांचा बटणांचा फोन. माझ्या नंबरवरून करून चाललं नसतं, तो बायोडाटावर होता. पाटकरांच्या व्हिजिटिंग कार्डावरून मी नंबर दाबला. दोनदा चुकला.

"हॅलो?"

"अंहं. पाटकर?"

पलीकडून हळूच, "नाना?"

मी ठरवून ठेवलेलं बोलायला लागलो. "आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा तुझ्याकडे येऊन गेला. जर्मनीवाला. मुलगा..." पॉझ. "वेळेवर येतो."

"नाना, तुम्ही फोन केलात," पाटकर म्हणाले. मी काय बोललो ते त्यांनी ऐकलंच नसावं. "एकोणीस वर्षं झाली, नाना."

"हं."

"मला वाटायचं, तुम्ही आता कधीच... नाना, मी चुकलो तेव्हा. मला कळत होतं चुकतोय ते. पण तो सदा रडत होता हो फोनवर."

मला फोन ठेवायचा होता. आईशप्पथ सांगतो, मला फक्त नोकरी हवी होती, हे असलं काही माझ्या हातात नको होतं. पण चाळिशी ओलांडलेला माणूस पलीकडे श्वास धरून थांबलाय, आणि मी नाना आहे. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"झालं ते झालं, पाटकर," मी म्हणालो. "मनातून काढून टाक. मीही काढलं."

पलीकडून आवाज आला, तो मी इथे काढून दाखवणार नाही. मी फोन ठेवला. नाना दूध घेऊन आले तेव्हा मी अर्जावर तारीख घालत होतो. "आठ पंचावन्न," ते स्वतःलाच म्हणाले आणि आत गेले.

शुक्रवारी मेल आला. सोमवारी रुजू व्हायचं, दिव्याला नाही, ठाण्याला. आई रडली, बाबांनी मामाला फोन केला आणि जरा जास्तच मोठ्याने बोलले. नानांनी माझ्या नावापुढे मस्टरमध्ये 'काम लागले' लिहिलं, खाली सरळ रेघ मारली आणि माझ्याशी हात मिळवला. त्यांचा हात कोरडा होता, माझा ओला.

आणि रविवारी सकाळी पाटकर आले. बायकोला घेऊन, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मी वर, गॅलरीतून तिरकी दिसणाऱ्या आमच्या खिडकीत दात घासत होतो. गेट वाजलं, गॅलरीतून सवयीने "अंहं" झालं आणि पुढची वेळ आलीच नाही. पाटकर ग्रिलपाशी वाकले, पाया पडायला हात आत जाईना, तसेच ग्रिलला डोकं टेकून म्हणाले, "नाना, तुमचा फोन आला त्या रात्री मी झोपलो नाही."

नानांनी मान वर केली. थेट माझ्या खिडकीकडे. माझ्या तोंडात ब्रश. एवढ्या लांबून त्यांना सगळं कळलं. लिंबापासून सगळं. आता ते सांगणार, मी नव्हता केला फोन, आणि माझी नोकरी जाणार, बाबांनी मामाला केलेला फोन परत करावा लागणार. मी तोंडातला फेस गिळला.

नाना म्हणाले, "हो. करायला उशीरच झाला मला." आणि दार उघडायला गेले.

दोन तास बसले तिघं. मी जिन्यात बसून ऐकत होतो. पाटकरवहिनी म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझं लग्न वर्षभर लांबलं हो नाना." नाना काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, "तेवढंच एक वर्ष सुखात गेलं माझं." आणि मी पहिल्यांदा नानांना खळखळून हसताना ऐकलं. ते हसणं मला अजून काढता येत नाही. पुष्कळदा प्रयत्न केलाय.

नाना त्यानंतर दोन वर्षं होते. पाटकर महिन्यातून एका रविवारी यायचे, दोघं मिळून डबा खायचे. घरात बसून, पण डब्यातूनच. मग नाना पडले, मुलीने त्यांना नाशिकला नेलं आणि तिथेच ते गेले. गॅलरीत आता कुंड्या आहेत. मी अजून गेटमधून आत शिरताना एक सेकंद थांबतो, आणि कोणी काही म्हणत नाही. नाना गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पाटकरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, कारण तशी मला ऑर्डर होती. साहेब खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्या रविवारी नाना माझ्यासाठी खोटं बोलले?" मी म्हटलं, हो. "नाना?" त्यांनी परत विचारलं. नोकरीवरून मला काढलं नाही. हे लिहू का म्हणून विचारलं, तेव्हा फक्त मानेने हो म्हणाले.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचंच. पाटकर गेटबाहेर पडले आणि खालून हाक आली, "ए जर्मन! खाली ये. बूट घालून."

मी गेलो. नाना खुर्चीत, मी उभा.

"किती वेळ बोललास माझ्या फोनवर?"

"चार मिनिटं."

"एकोणीस वर्षांपूर्वी त्या पोराने एक कार्ड खट्ट केलं, दुसऱ्याच्या नावाने, तर मी त्याची नोकरी घालवली. आणि तू माझं अख्खं तोंड वापरलंस! तुला काय करू मी?"

"नाना, मी साहेबांना सांगतो उद्या. सोडतो नोकरी."

"खबरदार!" खुर्ची सरकली. "सांगून तू मोकळा होणार आणि त्याने परत झोपायचं नाही, होय? मी जिवंत आहे तोवर एक अक्षर बोलायचं नाही. मी गेलो की मग सांग. त्याने हाकललं तर मान खाली घालून यायचं. तोवर हे पोटात ठेव. जड होऊ दे."

"हो."

"आज पहिल्यांदा खोटं बोललो मी हजेरीच्या बाबतीत. नव्हतो त्या फोनवर, तर होतो म्हणालो. या वयात. तुझ्यापायी."

पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच होता. नानांनी तो इकडून तिकडे सरकवला.

"काय म्हणालास त्याला?"

"ते... नोकरीचं..."

"ते नाही. शेवटी काय म्हणालास? म्हणून दाखव. माझ्या आवाजात."

मी घसा साफ केला. "अंहं. झालं ते झालं, पाटकर. मनातून काढून टाक. मीही काढलं."

नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. या वेळी जरा हळू झालं.

"एकोणीस वर्षं हे माझ्या घशाशी होतं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला, फाटला, परत चढला. "स्टेशनवर तो समोर होता तेव्हा होतं. दर दिवाळीला होतं. माझं होतं ते, मी म्हणायचं होतं! तू कोण रे? तू कोण लागून गेलास ते म्हणणारा?"